'औट घटकेचं राज्य' नेमकं किती मिनिटांचं?

विचारणा अशी आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात सामान्यज्ञानाची स्पर्धा होती. त्यात प्रश्न आला, "औट घटकेचं राज्य म्हणजे किती मिनिटांचं राज्य?" पर्याय होते २४, ४८, ८४ आणि १०८. विचारणाऱ्या ताईंच्या गटाने ४८ सांगितलं आणि गुण गेला. परीक्षकांनी ८४ हे उत्तर दिलं, पण का ते सांगितलं नाही. ताईंना आजवर वाटत होतं की हे 'औट' इंग्रजीतल्या 'आउट'वरून आलं असावं, घटकाभरात खेळ खलास, राजा आउट. घरी आल्यावर त्यांच्या दुसरीतल्या मुलाने आणखी एक प्रश्न टाकला: साडेतीन चालतं, साडेचार चालतं, मग साडेएक आणि साडेदोन म्हटलं की सगळे हसतात का?

परीक्षक बरोबर होते. आणि मुलाचा प्रश्न वेगळा नाहीच. आईला हवं असलेलं उत्तर त्याच्याच प्रश्नात आहे.

आधी हिशेब उरकू. दिवस-रात्र मिळून ६० घटका, म्हणून एक घटका २४ मिनिटांची. दोन घटकांचा एक मुहूर्त, तो ४८ मिनिटांचा. बहुधा ताईंच्या गटाने तोच धरला. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन गुणिले २४ म्हणजे ८४. वाक्प्रचारात अर्थातच कोणी घड्याळ लावून बसत नाही. फार थोडा काळ टिकणारी सत्ता एवढंच तिथे म्हणायचं असतं.

'आउट'शी या शब्दाचं काहीही नातं नाही. इंग्रज इथे यायच्या कितीतरी शतकं आधीपासून तो मराठीत आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी 'औट वळणी' निजलेली सांगितली आहे, म्हणजे साडेतीन वेटोळी घालून. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२, इसवी सन १२९०. माणसाच्या देहाला जुन्या रचनांत 'औट हात' म्हणतात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण १८ इंच. साडेतीन हात म्हणजे ६३ इंच, पाच फूट तीन इंच. आपापल्या हाताने मोजलं तर बहुतेक माणसं साडेतीनच्या आसपासच भरतात. घरी दोरी घेऊन मोजून पाहा, मुलाला मजा येईल. ॐकाराच्या 'औट मात्रा' त्याच मोजणीतल्या: अ, उ, म यांची एकेक आणि वर अर्धमात्रा.

आता शब्द कसा बनला ते. इथे सावकाश जायला हवं, कारण यातली गंमत माझ्या मते मराठी संख्याशब्दांतली सर्वांत सुंदर आहे.

संस्कृतात साडेतीन सांगायची एक रीत होती 'अर्धचतुर्थ'. शब्दशः 'अर्धा चौथा'. पहिल्यांदा ऐकणारा चाराचं अर्धं करून दोन म्हणतो, पण तसं नाही. पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. तीन पायऱ्या पूर्ण चढलात आणि चौथी अर्धीच चढलात. पूर्ण झालेल्या तीन बोलायच्याच नाहीत, त्या चौथीच्या पोटात गृहीत आहेत. फक्त सांगायचं, 'चौथा अर्धा'. प्राकृतात याचं 'अद्धुट्ठ' झालं. पुढे मधला 'द्ध' झिजत गेला, शेवटच्या 'ट्ठ'चा साधा 'ट' उरला आणि मराठीच्या हाती आला 'औट'. म्हणजे औट या दोन अक्षरांत 'अर्धा' आणि 'चौथा' असे दोन शब्द दडलेले आहेत.

या प्रवासात एक मौज घडली. प्राकृतातला 'अद्धुट्ठ' इतका रुळला की त्याचं मूळ लोकांना आठवेना. मग संस्कृतात लिहिणाऱ्यांनी त्याला नवा पोशाख शिवला: 'अध्युष्ट'. संस्कृत कोशांत हा शब्द साडेतीन या अर्थाने सापडतो, आणि साडेतीन वेढ्यांच्या सर्पाकृतीसाठी 'अध्युष्टवलय' हा शब्दही. दिसायला अस्सल, पण प्राकृतावरून उलटा घडवलेला. संस्कृतातून प्राकृतात शब्द उतरतात हे आपण नेहमी ऐकतो. इथे एक शब्द खालून वर चढून गेला आहे.

याच साच्यातला दुसरा शब्द तुम्ही आज सकाळपासून दोनदा तरी उच्चारला असेल: अडीच. मूळ 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. दोन पूर्ण, तिसरा निम्मा. प्राकृतात 'अड्ढाइज्ज', मराठीत अडीच, हिंदीत ढाई. अशोकाच्या लघुशिलालेखांत हा शब्द दगडावर कोरलेला आहे. आपण उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, असं तो सांगतो, आणि तिथे शब्द आहे 'अढतियानि'. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला तो सम्राट आणि आज 'अडीच किलो कांदे द्या' म्हणणारे आपण एकच शब्द वापरतो, हे मला दर वेळी नव्याने थक्क करतं. 'दीड'ही त्याच घरातला: दुसरा आणि अर्धा मिळून प्राकृतात 'दिवड्ढ', त्याचा झाला दीड.

ही रीत तीन-चारापाशी थांबलेली नव्हती. दीघनिकाय या पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथात सामञ्ञफलसुत्त नावाचं प्रकरण आहे. त्यात बुद्ध राजगृहाला जीवकाच्या आमराईत उतरलेले असतात, सोबत मोठा भिक्षुसंघ. किती भिक्षू? 'अड्ढतेळस' शतं. अर्धं तेरावं शंभर, म्हणजे बारा शंभर पूर्ण आणि तेरावं निम्मं, एकूण १२५०. कोणी अर्धे तेरा म्हणजे साडेसहा असं धरलं तर निम्मा संघच गायब होईल.

आणि आता स्पर्धेच्या परीक्षकांना पुढच्या वर्षासाठी एक प्रश्न. डॅनिश भाषेत ७० या संख्येच्या नावात कोणता अपूर्णांक दडला आहे? डेन्मार्कमध्ये सत्तरला म्हणतात 'हाल्फ्येर्स'. पूर्ण जुनं रूप उकललं तर अर्थ निघतो 'अर्धा चौथा गुणिले वीस'. म्हणजे साडेतीन विसा! आमची आजी आंबे विसांनी मोजायची, साठ म्हणजे तीन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. तिला हे डॅनिश सत्तर कळायला क्षण लागला नसता, औट विसा म्हटलं की झालं. डॅनिश पन्नास तसंच, 'अर्धा तिसरा गुणिले वीस', अडीच विसा. नव्वद 'अर्धा पाचवा गुणिले वीस', साडेचार विसा. आपल्या अर्धचतुर्थाचा आणि त्यांच्या अर्ध्या चौथ्याचा साचा हुबेहूब एक आहे.

जर्मनही याच वाटेवरची. दीडला 'आंडरथाल्ब' म्हणतात, त्यात 'दुसरा अर्धा' आहे. घड्याळात 'हाल्ब फिअर', शब्दशः 'अर्धे चार', म्हणजे साडेतीन. जर्मन शिकणारी आपली मुलं इथे हमखास अडखळतात आणि साडेचार समजून तासभर उशिरा पोचतात. त्यांना मी एवढंच सांगतो, अडीच आठवा. ब्रिटिश माणूस मात्र 'हाफ फोर' म्हणाला तर ते साडेचारच. रोमन लोकांचं 'सेस्टर्शियस' हे नाणं मुळात 'अस' नावाच्या अडीच नाण्यांच्या किमतीचं होतं आणि त्याच्या नावाचा अर्थ 'तिसरा अर्धा' असाच आहे. अशोकाचं 'अढतियानि' आणि रोमन बाजारातलं ते नाणं दोन्ही एकाच पद्धतीने मोजत होते. रशियन 'पलतरा' म्हणजे दीड, तेही 'अर्धा दुसरा'.

आता मुलाचा प्रश्न. 'साडे' आला 'सार्ध'वरून, म्हणजे 'अर्ध्यासकट'. साडेचार म्हणजे अर्ध्यासकट चार. ही दुसरी रीत समजायला सरळ, कारण पूर्ण झालेली संख्या समोरच दिसते. 'सव्वा' तसाच, 'सपाद', पावासकट. 'पाऊण' उलट दिशेने, 'पादोन', पाव कमी. ही सोपी रीत पसरत गेली आणि अर्धा-पाचवा, अर्धा-सहावा ही रूपं हळूहळू मागे पडली. पण दीड आणि अडीच हटले नाहीत, कारण ते दिवसातून शंभर वेळा लागतात. जो शब्द सतत तोंडात असतो तो नियमाला दाद देत नाही, आणि मुलांना तो ऐकून ऐकूनच पाठ होतो. म्हणून दीडशे, अडीचशे, दीड वाजला, अडीच वाजले. तुमचा मुलगा 'साडेएक' म्हणाला तेव्हा त्याने चूक केली नाही, त्याने नियम ओळखला आणि तो सगळीकडे लावून पाहिला. त्याला हसू नका. भाषा शिकण्याचं याहून चांगलं लक्षण मला माहीत नाही.

औट मात्र या दोन रीतींच्या मधोमध अडकला. रोजच्या बोलण्यात 'साडेतीन'ने त्याची जागा घेतली. 'औट वाजले' कोणी म्हणत नाही, 'औटशे रुपये' तर मुळीच नाही. तो उरला तीनच ठिकाणी: देहाच्या नि मात्रांच्या पारमार्थिक बोलण्यात, घटकेच्या वाक्प्रचारात, आणि पाढ्यांत.

पाढ्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. जुन्या शाळांत पूर्ण संख्यांच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे असत: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात हे पाढे म्हणजे रोजचं हत्यार होतं. सात आणे शेर भाव, साडेतीन शेर माल, तर किती झाले? औटकी पाठ असलेला माणूस बोटंही न हलवता साडेचोवीस आणे म्हणजे दीड रुपया अर्धा आणा सांगे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि या पाढ्यांची गरज ओसरली. औटकी गेली तसा 'औट'चा शेवटचा रोजचा आधार गेला. 'अडीचकी' हा शब्द ज्योतिष मानणाऱ्या घरांत अजून ऐकू येतो, शनीच्या अडीच वर्षांच्या फेऱ्यासाठी.

आपले शेजारीही हा पाढा घोकत होते. हिंदीत साडेतीनच्या पाढ्याला 'हूँठा' म्हणतात. गुजरातीत तो 'ऊठां', आणि तिथे 'ऊठां भणाववां' म्हणजे एखाद्याला शेंडी लावणं! मराठीत साडेतीनचा शब्द अल्पजीवी राजाच्या वाट्याला गेला, गुजरातीत तो फसवणुकीला चिकटला. शब्द मात्र एकच, अर्धा चौथा.

ताईंनी पत्राच्या शेवटी विचारलं आहे की साडेतीन हीच संख्या आपल्याकडे इतकी का दिसते: साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, साडेतीन शहाणे. या सगळ्यांना औटचंच एखादं गूढ कारण आहे असं मानू नये. प्रत्येक यादीत तीन गोष्टी पूर्ण मानल्या आहेत आणि चौथीला निम्मा मान दिला आहे. मुहूर्तांत गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया आणि विजयादशमी पूर्ण, बलिप्रतिपदा अर्धा. पीठांत कोल्हापूर, तुळजापूर, माहूर पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धं. शहाण्यांत सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तिघे पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण बुद्धी असली तरी तलवार त्यांची नव्हे, असं सांगतात. पण पाहा, 'चौथा अर्धा' ही जी मोजणी शब्दात दडली होती, तीच या याद्यांत उघडी दिसते. नाना हे अक्षरशः अर्धचतुर्थ आहेत.

लिहिताना 'औट' असंच लिहावं, 'आउट' किंवा 'आऊट' नको. आणि मुलाला औटकी शिकवायची असेल तर सम आकड्यांपासून सुरुवात करा, तिथे अर्धा उरत नाही: दोन औट सात, चार औट चौदा, सहा औट एकवीस, आठ औट अठ्ठावीस, दहा औट पस्तीस.