स्पॅनिश फुटबॉलपटू भारतात येतात, ते तिकडे जमलं नाही म्हणून का?

तुम्ही विचारलंय की कोरो, एदू बेदिया, इगोर आंगुलो यांच्यासारखे स्पॅनिश खेळाडू गोवा-मुंबईच्या संघांत नेमके कसे येतात, आणि तिशी उलटल्यावर इथे येणं म्हणजे तिकडची दारं बंद झाल्यावर गाठलेली धर्मशाळा असते का.

तिकडचं दार बंद झालेलं असतं, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. धर्मशाळेची गोष्ट मात्र पटत नाही, कारण आपल्या लीगमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल), परदेशी खेळाडूला आराम करायची सोयच नाही. त्याचं कारण विदेशी खेळाडूंच्या कोट्यात आहे. पण आधी एक कारकीर्द नीट पाहू.

फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, जानेवारी १९८३चा. गाव विलोबी द'ओन्यार, कातालोन्यातल्या जिरोना प्रांतातलं. तयार झाला बार्सिलोना शहरातल्या दुसऱ्या क्लबात, एस्पान्योलमध्ये. एप्रिल २००६ मध्ये एस्पान्योलनं सारागोसाला ४-१ हरवून कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा राजेचषक, जिंकला, त्यात एक गोल कोरोचा होता. पुढच्याच महिन्यात, लीगच्या अखेरच्या सामन्यात रेआल सोसिएदादविरुद्ध भरपाई वेळेत त्यानं गोल केला. त्या एका गोलामुळे एस्पान्योल पहिल्या श्रेणीत टिकला आणि आलावेस खाली गेला. क्लबच्या पाठीराख्यांना तो गोल आजही तोंडपाठ आहे. २००७ मध्ये हाच संघ युएफा कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि ग्लासगोत सेव्हियाकडून पेनल्टींवर हरला.

तेव्हा कोरो चोवीस वर्षांचा होता. त्यानंतरचा त्याचा प्रवास बघा: ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का, आणि मग सायप्रसमधला डोक्सा कातोकोपियास. याला घसरण म्हणायचं का? काही अंशी म्हणा. पण एल्चेचंच उदाहरण घ्या. २०१४-१५ मध्ये हा संघ मैदानावर तेराव्या स्थानी राहिला, म्हणजे आरामात वाचला होता. तरीही थकीत करांपायी त्याला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आलं. २००८ नंतर स्पेनमधल्या कितीतरी क्लबांची हीच गत झाली: पगार थकलेले, क्लब कोर्टाच्या देखरेखीखाली. खेळाडूचा फॉर्म आणि त्याच्या हातात पडणारा पगार यांचा संबंधच तुटला. सायप्रस, ग्रीस, पोलंड या देशांकडे स्पॅनिश खेळाडूंची रांग लागली ती तेव्हापासून.

दुसरं कारण संख्येचं. स्पेनमध्ये पहिल्या श्रेणीत २० संघ, दुसऱ्या श्रेणीत २२. त्याखालच्या सेगुंदा बे या तिसऱ्या श्रेणीत कोरो इथे आला तेव्हा चार गटांत मिळून ८० संघ होते. त्यातच मोठ्या क्लबांचे राखीव संघही आले. दरवर्षी तिथून चेंडू उत्तम हाताळणारी पोरं बाहेर पडतात आणि वरच्या ४२ संघांत जागा होते मोजक्यांना. म्हणून तेहेतीस-चौतीस वर्षांचा, दोन्ही पाय चालणारा, डावपेच झोपेतही सांगू शकणारा स्ट्रायकर बाजारात फुकट उपलब्ध असतो. फुकट म्हणजे ट्रान्सफर फी नाही या अर्थानं, पगार अर्थात द्यावाच लागतो.

आता कोट्याकडे वळू, कारण सगळं इथेच ठरतं. स्पॅनिश माणूस पोलंड किंवा सायप्रसला गेला तर तो युरोपीय संघाचा नागरिक असतो. १९९५च्या बोसमन निकालानंतर तिथे त्याच्यावर विदेशी म्हणून मर्यादा घालता येत नाही. तो बाकावरचा सोळावा खेळाडू म्हणूनही पोट भरू शकतो. भारतात तसं नाही. आयएसएलमध्ये सुरुवातीला मैदानावर सहा विदेशी चालत, २०१७-१८ पासून पाच, आणि २०२१-२२ पासून चार. चारच जागा असतील तर क्लब त्या कुठे खर्च करतो? सेंटर बॅक (मधला बचावपटू), बचावापुढचा मिडफिल्डर, दहा नंबर (स्ट्रायकरमागून चेंडू पुरवणारा) आणि स्ट्रायकर. विंगर (कडेनं चढाई करणारा) आणि फुलबॅक (कडेचा बचावपटू) बहुधा भारतीय, गोलकीपर तर जवळपास नेहमीच भारतीय. म्हणजे स्पॅनिश फुलबॅकला इथे फारशी मागणी नाही, मग तो कितीही चांगला असो. आणि स्ट्रायकर आला, तर पहिल्या चार-पाच सामन्यांत गोल झाले नाहीत की ती जागा 'वाया गेली' अशी ओरड सुरू होते. तिकडे बाकावर बसून वर्ष काढता येतं, इथे नाही.

कोरो जुलै २०१७ मध्ये एफसी गोवाशी करारबद्ध झाला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पहिल्या हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. एकूण ५७ सामन्यांत ४८. पहिले दोन्ही हंगाम सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्याचा, आणि २०१८-१९ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मानही. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या फातोर्डा मैदानावर बंगळुरूविरुद्धच्या ४-३ सामन्यात त्यानं हॅट्ट्रिक केली आणि लगेच पुढच्या महिन्यात केरळविरुद्ध ५-२ मध्ये दुसरी. ही दुसरी दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला सात मिनिटांत झाली.

हे नुसत्या कसबावर झालेलं नाही. प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा बार्सिलोनाच्या मुशीतला, गोलकीपरपासून पास देत पुढे यायचा त्याचा हट्ट. त्या काळात भारतीय बचावपटूंना लांब मारलेले चेंडू हेडरनं परतवायची सवय होती. सेंटर बॅक आणि फुलबॅक यांच्या मधल्या फटीत कोणी दोन-तीन पावलं मागे येऊन उभं राहिलं, की त्याच्यामागे जायचं की जागा धरायची, हे त्यांना पटकन ठरवता येत नसे. कोरो नेमका त्या फटीत राहायचा. चेंडू बेदिया किंवा लान्झारोते या स्पॅनिश साथीदारांच्या पायाशी आला की बचावाच्या पाठीमागे पळायचा. त्याचा वेग चौतिशीत काही अफाट नव्हता, पण सुरुवात अर्धा सेकंद आधी व्हायची. लान्झारोतेनं त्याच हंगामात स्वतः १३ गोल केले, म्हणजे दोघांना एकाच वेळी अडवणं जमेना. नुसता स्ट्रायकर आणून त्याला पास देणारा न आणणारे क्लब नेमके इथे फसतात.

खेळाडू इथवर पोचतो कसा, तर बहुतेक वेळा प्रशिक्षकाच्या फोनवरून. एजंट यादी पाठवतो, क्लब व्हिडिओ आणि आकडेवारी पाहतो, पण शेवटचा शब्द 'मी याला ओळखतो' हाच असतो. लोबेरानं मोरोक्कोत तेतुआनच्या क्लबाला प्रशिक्षण दिलं होतं, तिथलेच मुर्तदा फाल आणि अहमद जाहू नंतर गोव्यात आले. २०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीत गेला तेव्हा हे दोघे, ह्यूगो बूमू आणि आपला मंदार राव देसाई असे चौघेही तिकडे गेले, आणि मुंबईनं त्या हंगामात साखळी फेरीतल्या पहिल्या स्थानाची शील्ड आणि फायनलची ट्रॉफी दोन्ही उचलली. प्रशिक्षकांचंच पाहायचं तर २०१४ ते २०२४-२५ या अकरा हंगामांत आठ वेळा ट्रॉफी स्पॅनिश प्रशिक्षकाच्या संघानं जिंकली: आबास दोनदा, मोलिना दोनदा, कुआद्रात, लोबेरा, मार्केस आणि फेर्रांदो. स्पॅनिश खेळाडू इतके का दिसतात, याचं निम्मं उत्तर या यादीतच आहे.

कागदोपत्री क्रम साधारण असा असतो. स्पेनमधले करार ३० जूनला संपतात, त्यानंतर खेळाडू मोकळा. भारतीय क्लब करार करतो आणि फिफाच्या टीएमएस या ऑनलाइन यंत्रणेत माहिती भरतो. मग जुन्या देशाच्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र, म्हणजे आयटीसी, मागवलं जातं. ते आल्याशिवाय अधिकृत सामना खेळता येत नाही, सराव करता येतो. ट्रान्सफरची खिडकी, म्हणजे नोंदणीची मुदत, बंद होण्याआधी करार संपलेला असेल तर मोकळ्या खेळाडूची नोंदणी नंतरही होऊ शकते, म्हणून उशिरा येणारे बहुतेक जण मोकळेच असतात. वैद्यकीय तपासणी झाली की एम्प्लॉयमेंट व्हिसा. तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदणी. कागद एखाद्या टेबलावर अडकला की खेळाडू पहिल्या दोन सामन्यांना स्टँडमध्ये बसलेला दिसतो, आणि लोकांना वाटतं दुखापत झाली.

करार बहुतेक एक वर्षाचा, फार तर 'एक अधिक एक', म्हणजे एक वर्ष आणि आणखी एकाचा पर्याय. स्पॅनिश खेळाडू पगाराची बोलणी हातात पडणाऱ्या निव्वळ रकमेवर करतात, आपल्याकडचे क्लब कर धरून एकूण रकमेवर. हे कलम सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलं नाही तर मार्चमध्ये भांडण ठरलेलं. घर, गाडी, कुटुंबाची विमानाची तिकिटं, आरोग्य विमा हे करारातच लागतं, तोंडी आश्वासनाला किंमत नाही. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबायचं, तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू करार मोडू शकतो, आणि क्लबवर नवीन नोंदणीची बंदीही येऊ शकते. हे नुसतं पुस्तकातलं नाही. हैदराबाद एफसी २०२१-२२ मध्ये मार्केसच्या हाताखाली विजेता झाला आणि २०२३-२४ मध्ये पगार थकल्यामुळे त्याचे बहुतेक परदेशी खेळाडू निघून गेले. जुलै २०२५ मध्ये तर महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला हक्कांचा करार नवा न झाल्यानं पूर्ण लीगच स्थगित ठेवावी लागली. चौतिशीतल्या खेळाडूसाठी असा थांबलेला अर्धा हंगाम म्हणजे कारकिर्दीतला दहावा हिस्सा नव्हे, उरलेल्याचा अर्धा भाग.

शरीराचं गणित वेगळंच. कोरोचा सायप्रसमधला हंगाम २०१७च्या उन्हाळ्यात संपला, आणि आयएसएल सुरू झालं १७ नोव्हेंबरला. इतके महिने खरा सामना नाही आणि मग एकदम दमट हवेत ९० मिनिटं. मांडीचा मागचा स्नायू इथेच जातो. जाणते क्लब म्हणून स्पेनमध्ये सराव शिबिर घेतात आणि पहिल्या दोन-तीन सामन्यांत वयस्क खेळाडूला सत्तराव्या मिनिटाला बाहेर काढतात. पाठीराखे चिडतात, पण फेब्रुवारीत तोच खेळाडू धावत असतो.

कोरोला गोव्यात मिळालेले मानही मोजून पाहा. मार्च २०१९ची फायनल अंधेरीच्या मैदानावर झाली आणि ११७व्या मिनिटाला हेडर मारून गोव्याला हरवलं ते बंगळुरूकडून खेळणाऱ्या, मूळच्या मुंबईच्याच राहुल भेकेनं. पुढच्या महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप मिळाला, चेन्नईयनविरुद्ध २-१, त्यात एक गोल कोरोचा. फेब्रुवारी २०२० मध्ये जमशेदपूरला ५-० नमवून गोव्यानं लीग शील्ड जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पण एप्रिल २०२१ मध्ये ती स्पर्धा आली तेव्हा कोरोही नव्हता आणि लोबेराही.  आशियातल्या या स्पर्धेच्या गटफेरीत भारतीय क्लबासाठी पहिला गोल केला तो मागे राहिलेल्या एदू बेदियानं, इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध.

आता आंगुलो. बिलबाओचा, १९८४चा, अॅथलेटिकमध्ये वाढला पण पहिल्या संघात रुजला नाही. स्पेनच्या खालच्या श्रेणी, फ्रान्स, सायप्रस, ग्रीस असं फिरत २०१६ मध्ये पोलंडच्या गुर्निक झाब्झे क्लबात गेला, तोही क्लब दुसऱ्या श्रेणीत असताना. वय ३२. क्लब लगेच वर आला. २०१७-१८ मध्ये आंगुलोचे पहिल्या श्रेणीत २३ गोल आणि २०१८-१९ मध्ये २४, त्या वर्षी तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता. म्हणजे त्याची खरी बहर पस्तिशीत आली. छत्तिसाव्या वर्षी, कोरोची जागा घ्यायला, गोव्यात आला. २०२०-२१चा पूर्ण हंगाम बायो-बबलमध्ये फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीनच मैदानांवर झाला. त्यात त्याचे १४ गोल झाले. रॉय कृष्णाचेही तितकेच होते, पण आंगुलो कमी मिनिटं खेळला होता म्हणून गोल्डन बूट त्याला. पुढच्या हंगामात मुंबई सिटीकडून १०.

ला लीगाचा, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीचा, शिक्का आंगुलोकडे जवळजवळ नव्हताच, कोरोकडे होता. गोल दोघांनी केले. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या क्लबानं स्पॅनिश खेळाडूची घोषणा केली की 'बार्सा अकादमी' वगैरे वाचून हुरळू नका. मागच्या दोन हंगामांत तो किती मिनिटं खेळला ते बघा. वर्षाला दोन हजारांच्या खाली असेल तर का, ते शोधा: दुखापत, की प्रशिक्षकाशी बिनसलं. तो कोणत्या जागेवर खेळतो आणि त्याला चेंडू देणारा कोण आहे ते बघा. प्रशिक्षकानं त्याला आधी हाताळलंय का तेही बघा. आणि करार जानेवारीच्या खिडकीत झाला असेल तर सावध राहा, कारण तेव्हा आलेला खेळाडू अंगात लय येईपर्यंत हंगाम संपलेला असतो.