कॅनडातली ‘रुरल म्युनिसिपालिटी’ म्हणजे ग्रामपंचायतच का? एखादीचा इतिहास सांगाल का?

कामं पाहिली तर साधारण तेच: निवडून आलेले सदस्य, रस्ते, पाणी, घरपट्टी. पण ग्रामपंचायत आधीच्या गावावर येते. कॅनडाच्या माळरानात बहुतेक ठिकाणी सरकारने आधी सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन आखले आणि माणसं मग आली.

मॅनिटोबा प्रांतातल्या गिमली या रुरल म्युनिसिपालिटीचं जरा वेगळं आहे, म्हणून मी तिचंच सांगतो. 21 ऑक्टोबर 1875 रोजी सुमारे 285 आइसलंडर होड्यांतून विनिपेग सरोवराच्या काठावर उतरले. आइसलंडमधल्या आस्क्या ज्वालामुखीने त्यांना देशोधडीला लावलं, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. यातले बरेचजण उद्रेकाच्या आधी, 1874 मध्येच ऑन्टारिओत आले होते. राखेने हैराण झालेले लोक मुख्यतः 1876 मध्ये आले, हजारावर. आणि त्या पहिल्या लोकांनी ऑक्टोबरात नांगर धरायचा तरी कुठे? हिवाळा दारात उभा.

1876 च्या शरदात देवीची साथ आली. शंभरेक आइसलंडर गेले, त्यांत लेकरं जास्त. तिथल्या मूळ रहिवाशांवर तर साथीने घालाच घातला. सँडी बार नावाच्या जागेवरची त्यांची वस्ती निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली जाळली गेली. वसाहतीच्या गौरवकथांत हे एका ओळीत उरकतात, ते मला खटकतं.

हा भाग तेव्हा मॅनिटोबाच्या हद्दीबाहेर होता, त्यामुळे प्रांताचे कायदे इथे लागू नव्हते. मग लोकांनी 1878 मध्ये स्वतःची घटनाच केली! चार विभाग, प्रत्येकाची समिती, वर सगळ्यांची मिळून एक. ‘फ्रामफारी’ हे आइसलंडी वर्तमानपत्र त्याआधीच, 1877 मध्ये निघालं होतं. पोटाला नसताना छापखाना!

पुढे दोन पाद्र्यांच्या अनुयायांत धर्मावरून जुंपली, वर 1880 चा पूर. कितीतरी घरं अमेरिकेतल्या डाकोटाकडे निघून गेली. 1881 मध्ये मॅनिटोबाची हद्द उत्तरेला सरकली आणि 1887 मध्ये रुरल म्युनिसिपालिटी स्थापन झाली. म्हणजे कारभार आधी, कागद नंतर. 1897 पासून पश्चिमेच्या जमिनींवर युक्रेनियन आणि पोलिश शेतकरी आले. 2003 मध्ये गिमली शहरही याच म्युनिसिपालिटीत विलीन झालं.