ह्यूवेक पेशींसाठी (मानवी नाळेच्या शिरेतल्या अस्तरपेशी) व्हीईजीएफ-१६५ (रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारं प्रथिन) ई. कोलाय जिवाणूंमधला चालेल का, की मानवी पेशींत बनवलेलाच घ्यावा?

ई. कोलायमधला चालेल, पेशींची वाढ किंवा मॅट्रिजेलवर (पेशी वाढवायच्या प्रथिनांच्या जेलवर) नळ्या होतात का, एवढंच बघायचं असेल तर महागड्या कुपीवर पैसे घालवू नका. मी ह्यूवेकवरच काम करते, रोज हाच वापरते. या प्रथिनाला साखरेची साखळी जोडली जाते ती एकाच जागी, ७५व्या अ‍ॅस्परजिनवर, आणि पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटायला तिची गरज पडत नाही. गरज असते ती प्रथिनाच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधांनी जोडलेल्या असण्याची. म्हणून डेटाशीटमध्ये आधी नॉन-रिड्यूसिंग जेलचा (हे बंध न तोडता चालवलेल्या जेलचा) फोटो शोधा: पट्टा ३८-४० किलोडाल्टनच्या आसपास हवा. १९ पाशी ठळक पट्टा असेल तर जोड्या नीट जुळलेल्या नाहीत, तो लॉट सोडा.

अडचण एकच, एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विषारी द्रव्य. जिवाणूंतून आलेल्या मालात ते उरू शकतं आणि ह्यूवेक त्याला फार हळव्या. दर मायक्रोग्रॅमला १ युनिटच्या वर असेल तर नकोच, ०.१ च्या आत मिळालं तर उत्तम. दाहाशी संबंधित प्रयोग असेल तर मात्र सरळ मानवी पेशींतलाच घ्या.

वापरताना:
- कुपी रिकामी वाटते, १० मायक्रोग्रॅम पावडर डोळ्यांना जेमतेमच दिसते. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा.
- साठवणीच्या द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घाला, नाहीतर प्रथिन प्लॅस्टिकलाच चिकटून बसतं.
- छोटे वाटे करून उणे ८० ला ठेवा. वितळवलेला पुन्हा गोठवू नका.
- सुरुवात दर मिलिलिटरला १० ते ५० नॅनोग्रॅमपासून.