शालेय बास्केटबॉलमध्ये लहान शाळांसाठी वेगळा गट असावा का?

अमेरिकेतील इंडियाना राज्याने पटसंख्येनुसार शाळांचे चार गट पाडले, तसे महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांतही करावे का, असे आपण विचारले आहे. करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा मुलगा इंडियानातील एका लहान गावच्या हायस्कूलकडून खेळत असे. त्याच्या अखेरच्या वर्षी, जानेवारीत, त्यांचा सामना शेजारच्या अवाढव्य शाळेशी झाला, जिचे राखीव खेळाडूसुद्धा आमच्या पहिल्या पाचांपेक्षा उंच होते. अखेरची काही सेकंद उरली असताना आमचा संघ एका गुणाने मागे होता आणि मुलाला दोन फ्री थ्रो मिळाले. त्याने तळहाताने बुटांचे तळ पुसले, चेंडू तीनदा आपटला आणि रिंगला स्पर्शही न होऊ देता दोन्ही टाकले. आम्ही जिंकलो. मार्चमधील राज्य स्पर्धेत मात्र दोन्ही शाळा वेगवेगळ्या गटांत गेल्या, दोघींनी आपापली सेक्शनल, म्हणजे पहिली स्थानिक फेरी जिंकली आणि त्या पुन्हा समोरासमोर आल्याच नाहीत. ‘दोघांनाही करंडक मिळाला, मग तक्रार कसली?’ असे माझे मेहुणे तेव्हापासून विचारत आले आहेत. त्यांनाही हे उत्तर वाचायला पाठवणार आहे.

1911 पासून 1997 पर्यंत इंडियानात मुलांची एकच राज्य स्पर्धा होती आणि एकदा हरलेला संघ बाद होत असे. 161 विद्यार्थ्यांच्या मायलन शाळेने 1954 साली अंतिम सामन्यात बॉबी प्लम्पच्या शेवटच्या फेकीवर मन्सी सेंट्रलला 32-30 असे हरवले, हा अपवाद होता असे मेहुणे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण माझा मुद्दा मायलनवर अवलंबून नाही. त्याच स्पर्धेत मायलनकडून हरलेली इंडियानापोलिसची क्रिस्पस ॲटक्स ही शाळा 1927 मध्ये केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी उघडली गेली होती. राज्य संघटनेने 1942 पर्यंत अशा शाळांना स्पर्धेत घेतलेच नव्हते, आणि पुढेही पुरेसे व्यायामगृह नसल्याने ॲटक्सला घरचे सामनेसुद्धा बाहेर खेळावे लागत. 1955 मध्ये रे क्रो यांच्या मार्गदर्शनाखाली, ऑस्कर रॉबर्टसनच्या बळावर, याच शाळेने राज्य विजेतेपद मिळवले आणि पुढच्या वर्षी एकही सामना न हरता ते राखले. विजेत्यांचा जल्लोष शहराच्या मध्यवर्ती मॉन्युमेंट सर्कलमध्ये होण्याची प्रथा होती. या मुलांची मिरवणूक मात्र तेथे थांबू न देता कृष्णवर्णीय वस्तीतील उद्यानाकडे वळवण्यात आली. मिरवणुकीचा मार्ग बदलता आला, निकाल बदलता आला नाही, कारण साऱ्या राज्याच्या शाळा त्याच स्पर्धेत होत्या आणि हे आपल्या गटापुरते विजेते आहेत, असे म्हणायला कोणालाही जागा नव्हती. वेगळ्या गटामुळे नेमकी हीच जागा तयार होते.

एक गोष्ट मान्य करायला हवी. मायलननंतर इतकी लहान शाळा त्या एकत्रित स्पर्धेत पुन्हा विजेती झाली नाही, आणि गट झाल्यावर अनेक गावांतील मुलांना विजयानंतर बास्केटची जाळी कापण्याचा मान मिळाला. माझ्या मुलाकडेही त्या जाळीचा तुकडा आहे आणि तो आनंद मी खोटा मानत नाही. तरीही शेजारच्या केंटकीत आजही सर्व शाळांची एकच स्पर्धा होते, तिच्या अंतिम टप्प्यातील सोळा संघ लेक्सिंग्टनच्या रप अरीनामध्ये खेळतात आणि तेथील लहान शाळांनी खेळ सोडलेला नाही.

आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या आहेत, वयोगटही आहेत. तेवढे विभाजन पुरे आहे. लहान शाळा मागे पडते ती कोर्ट आणि पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नसल्यामुळे. मागणी त्यांची करा, आणि स्पर्धेच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या शाळेशी सराव सामने ठरवा. त्यांनी नकार दिला, तर कारण लेखी मागा.