नवीन रेल्वे स्टेशनचं काम नेमकं कुठवर आलंय, हे बाहेरून कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाजवळ चालू रेल्वेमार्गावर नवं स्टेशन होतंय, इमारत रंगवूनसुद्धा झाली, तरी गाडी थांबत नाही. मग काम खरंच किती उरलंय, आणि आपल्यासारख्यांनी ते कसं तपासायचं?

सगळ्यात आधी इमारतीवरून नजर काढा. तिकीटघर, पत्र्याची शेड, रंगरंगोटी हा स्टेशनच्या कामातला सोपा भाग, आणि नेमका तोच रस्त्यावरून दिसतो. गाडी थांबणार की नाही ते रूळ, सिग्नल आणि कागद या तीन ठिकाणी ठरतं. नवी मुंबईतलं दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं, तरी लोकांना ते कित्येक महिने बंदच दिसत होतं. उद्घाटन झालं १२ जानेवारी २०२४ ला. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायची होती, ती सुरू झाली २४ मे २०२२ ला. बोगदे कधीच खोदून झाले होते; सिग्नलच्या सॉफ्टवेअरची जुळवणी आणि स्टेशनांमधल्या यंत्रणांच्या चाचण्या मागे पडल्या होत्या.

आता पहिला प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा: हे हॉल्ट आहे की क्रॉसिंग स्टेशन? सगळा हिशेब यावरच बदलतो. हॉल्ट म्हणजे रेल्वेच्या भाषेत ‘डी’ वर्गाचं स्टेशन. तिथे सिग्नल नसतात, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी सरकत्या रुळांची जागा) नसतात. गाडी आपली येते, थांबते, निघते. फलाट, दिवे, पाण्याची सोय आणि तिकिटाची खिडकी एवढ्यावर काम भागतं. क्रॉसिंग स्टेशनात मात्र मुख्य मार्गाच्या बाजूला लूप लाइन, म्हणजे एक गाडी उभी ठेवून दुसरीला पुढे जाऊ द्यायचा जादा रूळ, येते, तिच्या दोन्ही टोकांना सांधे येतात आणि त्यांच्यामागे सिग्नलची पूर्ण यंत्रणा येते. ओळखायला सोपं आहे. फलाटाच्या पुढे-मागे लांबवर जादा रुळाची तयारी दिसली तर ते क्रॉसिंग स्टेशन. पूर्ण मालगाडी मावेल इतकी लूप लागते: जुनं माप ६८६ मीटर, नव्या कामांत ७५० मीटर धरतात. म्हणजे भराव फलाटापेक्षा बराच लांब गेलेला असतो. स्टेशन मास्तरच्या खोलीला लागून बिनखिडकीची, एसी बसवलेली खोली बांधली असेल तर ती सिग्नल यंत्रणेची. ती खोली रिकामी असेल, तर बाहेर कितीही फुलझाडं लावलेली असोत, स्टेशन लांब आहे.

हॉल्ट असूनही अडलं असेल, तर बहुतेक वेळा कारण कागदात किंवा पोहोचरस्त्यात सापडतं. पुढचं सगळं मुख्यतः क्रॉसिंग स्टेशनसाठी आहे.

कागदांची सुरुवात पिंक बुकपासून करा. अर्थसंकल्पासोबत प्रत्येक विभागीय रेल्वेची कामांची यादी प्रसिद्ध होते, तीच ही. कामाची एकूण मंजूर किंमत, आजवरचा खर्च आणि या वर्षीची तरतूद हे तीन आकडे एकाच ओळीत मिळतात. तरतूद फक्त १,००० रुपये दिसली तर काम यादीत नावापुरतं जिवंत ठेवलंय असं समजा. एक सावधगिरी मात्र घ्या. स्टेशन एखाद्या दुहेरीकरणाचा किंवा नव्या मार्गाचा भाग असेल तर त्याच्या नावाने वेगळी ओळ नसते. मूळ प्रकल्पाची ओळ शोधावी लागते.

दुसरी जागा म्हणजे रेल्वेचं निविदांचं संकेतस्थळ, आयआरईपीएस. तिथे निविदा कोणालाही पाहता येतात. स्थापत्य, सिग्नल आणि वीज यांच्या निविदा बहुधा वेगवेगळ्या निघतात. भराव आणि फलाटाची निविदा दोन वर्षांपूर्वीची आणि सिग्नलची निविदा गेल्या महिन्यातली असेल, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. ‘ऐंशी टक्के काम पूर्ण’ ही बातमीही याच नजरेने वाचा. हे टक्के बहुतेकदा झालेल्या खर्चावरून काढलेले असतात. माती, काँक्रीट आणि लोखंड यांत पैसा लवकर जातो. उरलेल्या वीस टक्क्यांत सिग्नल असतो, आणि वेळ खातो तो सिग्नलच.

तो का वेळ खातो, हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक उशिराचं मूळ इथे आहे. आधी रूळ, सांधे, फलाट यांची अचूक मापं दाखवणारा आराखडा मंजूर होतो. त्याला ईएसपी म्हणतात. त्यावरून सिग्नलचा आराखडा निघतो, तो एसआयपी. त्यावरून इंटरलॉकिंगचं तर्कशास्त्र लिहिलं जातं: एखादा सांधा लूपकडे वळलेला असताना मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होऊच शकणार नाही, अशी हमी देणारी यंत्रणा. प्रत्येक मार्ग, प्रत्येक सांधा, प्रत्येक सिग्नल यांची जोडी-जोडीने चाचणी होते, आधी कारखान्यात आणि मग जागेवर. आता मध्येच कोणी फलाट वाढवून मागितला आणि त्यापायी सांधा सरकवावा लागला, तर ईएसपी बदलते, मग एसआयपी, मग तर्क, आणि चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. वरून बघणाऱ्याला फक्त चार-पाच डब्यांचा जादा फलाट दिसतो.

जमीन अजून ताब्यात नसेल तर रेल्वे कायद्याच्या कलम २०अ आणि २०ई खालच्या अधिसूचना शोधा. २०अ म्हणजे प्राथमिक अधिसूचना, २०ई म्हणजे संपादनाची घोषणा. दोन्हींच्या मध्ये एक वर्षापेक्षा जास्त काळ गेला तर पहिली रद्द होते आणि सगळं नव्याने सुरू करावं लागतं. थेट खरेदी किंवा २०१३ चा भूसंपादन कायदा वापरला असेल तर हे टप्पे लागू नाहीत.

आता प्रत्यक्ष जागेवर काय पाहायचं. रुळांवर उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि चालू मार्गालगत जीवही जातो. रस्त्याचा उड्डाणपूल किंवा फाटकाबाहेरची जागा पुरते. दर महिन्याला एकाच जागेवरून, एखादा खांब किंवा झाड चौकटीत ठेवून फोटो काढा. तीन-चार महिन्यांत बदल आपोआप दिसू लागतो.

भराव पाहताना उंचीपेक्षा थर पाहा. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून रोलर फिरवलेला असेल तर काम नीट चाललंय. डंपरने ढीग ओतून वरून सपाट केलेला भराव पहिल्याच पावसात खचतो. काळी माती असेल तिथे तर जास्तच, कारण ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. काँक्रीटच्या बाबतीत लोकांना वाटतं की टेकू तसेच उभे आहेत म्हणजे काम बंद पडलंय. तसं नसतं. सहा मीटरपेक्षा लांब तुळईखालचे टेकू साध्या सिमेंटच्या काँक्रीटला २१ दिवस ठेवायचे, असं काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, सांगतं.

फलाटाच्या कडेवरची लांबट फरशी, जिला साइटवर कोपिंग म्हणतात, ती नीट बघा. तिची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतात, जमिनीपासून नव्हे. उंच फलाटासाठी ती ७६० ते ८४० मिलिमीटरमध्ये आणि रुळाच्या मध्यरेषेपासून १,६७० ते १,६८० मिलिमीटरवर हवी. म्हणजे आडव्या मापात सवलत फक्त एका सेंटिमीटरची! (मुंबई लोकलचे फलाट याहून उंच, ९०० ते ९२० मिलिमीटर केले गेले.) खडी टाकून मशीनने रूळ उचलत-ठोकत पक्का केला की तो प्रत्येक फेरीत थोडा वर येतो. म्हणून शहाणा अभियंता कोपिंग अगदी शेवटी बसवतो. मागचा फलाट भरून झालाय आणि कडेची रांग मोकळी आहे, तर ते आळसाचं लक्षण नाही. उलट कोपिंग घाईने बसवलं आणि नंतर रूळ उचलला, तर फलाट ठेंगणा ठरतो आणि कडा उखडून पुन्हा बसवावी लागते.

सिग्नलची एक खूण तर लांबूनही दिसते. वापरात नसलेल्या सिग्नलवर दोन पट्ट्यांची फुली लावलेली असते. नियमाप्रमाणे प्रत्येक पट्टी किमान १ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद. खांब उभा, दिव्याचं डोकं बसवलेलं, पण त्यावर फुली: यंत्रणा अजून सुरू नाही. फुली उतरून दिवे कायम लागू लागले की सिग्नल रेल्वेच्या कामकाजात आला. या एका खुणेवर माझा दहा बातम्यांपेक्षा जास्त विश्वास आहे.

विजेच्या तारेचंही तसंच. आधी खांब, मग आडवे हात, मग तार, आणि टोकाच्या खांबांवर लोंबणारी वजनं. वजनं लटकली म्हणजे तार ताणून झाली. वीज सोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते की अमुक तारखेपासून या तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह असेल, त्या सदैव जिवंत समजाव्यात. स्थानिक पुरवणीत ती सूचना शोधा.

त्यानंतर ब्लॉकच्या, म्हणजे कामासाठी ठरावीक वेळ गाड्या बंद ठेवण्याच्या बातम्या. पादचारी पुलाचा गर्डर टाकायला दोन-चार तासांचा ब्लॉक पुरतो. त्यावरून फक्त पुलाची प्रगती कळते. पण ‘नॉन-इंटरलॉकिंगच्या कामासाठी’ काही दिवस गाड्या रद्द, अशी सूचना आली की समजा, नवी लूप आणि सांधे चालू मार्गाला जोडले जात आहेत. हा शेवटून दुसरा टप्पा.

शेवटचा टप्पा रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा. हे अधिकारी रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे येतात, आणि ही विभागणी मुद्दाम आहे: बांधणाऱ्याने स्वतःच्या कामावर शिक्का मारू नये. रेल्वे कायद्याच्या कलम २१ ते २३ प्रमाणे नवीन मार्गच नाही तर नवीन स्टेशन उघडायलाही ही मंजुरी लागते. यार्डाचा, म्हणजे स्टेशनातल्या सगळ्या रुळांच्या पट्ट्याचा, उतार ४०० ला १ पेक्षा तीव्र असेल, तर उभा डबा आपोआप घरंगळण्याचा धोका म्हणून वेगळी सूट मागावी लागते. घाटाजवळच्या स्टेशनांत कागद इथे हमखास अडकतो. मंजुरी अटींसह येऊ शकते, आणि त्या अटी पूर्ण करण्यात आणखी आठवडे जातात.

माहिती अधिकार वापरायचा असेल तर ‘स्टेशन कधी सुरू होणार?’ असं विचारू नका. अंदाज ही नोंदीतली माहिती नाही, त्यामुळे उत्तर गुळमुळीत येतं. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये भरून त्या विभागीय रेल्वेच्या बांधकाम शाखेला हे विचारा: ईएसपी आणि एसआयपी मंजुरीच्या तारखा, सध्याची भौतिक आणि आर्थिक प्रगती वेगवेगळी, आयुक्तांकडे अर्ज केल्याची तारीख, आणि कंत्राटाला मुदतवाढ कोणत्या कलमाखाली दिली. यातला शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. कंत्राटाच्या अटींमधलं १७-ब म्हणजे उशीर कंत्राटदाराचा. १७-अ म्हणजे रेल्वेकडून झालेला, कामातल्या बदलामुळे आलेला किंवा दोघांच्याही हाताबाहेरचा. उत्तराची मुदत ३० दिवस.

घरबसल्या पाहायचं तर सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. एक ठिपका १० मीटरचा, म्हणून एकेरी रूळ दिसणार नाही, पण नवा भराव, यार्डाची रुंदी आणि पोहोचरस्ता स्पष्ट दिसतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे फारसं काही हाती लागत नाही. ऑक्टोबरचं चित्र मेच्या चित्राशेजारी ठेवून पाहा.

आयुक्तांची मंजुरी आल्यावरही काही कामं उरतात: स्टेशनचा कोड तिकीट यंत्रणेत चढणं, कर्मचारी नेमणं, वेळापत्रकात थांबा घालणं. नावाचा वाद असेल तर तो राज्य सरकार आणि केंद्रीय गृह मंत्रालय यांच्यामार्फत सुटतो, आणि तोवर पिवळ्या फलकांवर कापड राहतं. एक्स्प्रेस गाड्यांना थांबा मिळालाच तर तो बहुधा सहा महिन्यांच्या प्रयोगावर असतो आणि पुढे तिकीटविक्री बघून ठरतो. म्हणून स्टेशन सुरू झाल्यापासून तुम्ही आणि शेजाऱ्यांनी तिकीट त्याच स्टेशनच्या नावाने काढायचं. पुढच्या मोठ्या स्टेशनपर्यंतचं तिकीट काढून मध्येच उतरलात, तर ती विक्री तुमच्या गावाच्या खात्यावर दिसत नाही.