मालवणात जुन्या पीसीवर गेम अडखळतो, बजेट ५ हजार. ग्राफिक्स कार्ड बदलू का?

एवढ्यात नको. आधी एमएसआय आफ्टरबर्नर टाका, खेळताना कार्ड-प्रोसेसरवरचा ताण दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. व्हीसिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनशी बांधणारी सेटिंग) बंद करून खेळताना आकडे बघा. जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा, वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच कमी पडतंय. ६०-७० वर घुटमळत असेल तर संशय प्रोसेसर किंवा रॅमवर. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तेवढाच राहिला तर कार्ड निर्दोष. रॅमची ८ जीबीची एकच स्टिक असेल तर जोडीला तशीच दुसरी घ्या, ड्युअल चॅनेलचा (दोन स्टिक एकत्र चालण्याचा) फरक पडतो.

आणि तापमान बघाच! आपल्या खाऱ्या, दमट हवेत धूळ हीटसिंकला (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना) चिकटून बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग उतरवतो. पीसी बंद करून ब्रश मारा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. कधीकधी तेवढ्यावरच भागतं.