सरांच्या शोकसभेत काय बोलू?

प्रश्न : ताई, मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत सायन्स शिकवतो. आमचे फिजिक्सचे सीनियर सर मागच्या महिन्यात अचानक गेले. मी नवीन लागलो तेव्हा ते माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि नंतर चहा पिताना एकच गोष्ट सांगायचे, उद्या एवढं बदलून बघ म्हणून, बाकी अवाक्षर नाही. स्वतःच्या नोट्सची फाईल न मागता दिली. दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मुलांना खोडदची रेडिओ दुर्बीण (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी) दाखवायला न्यायचे, ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप म्हणजे त्यांचं दैवत. शोकसभेत मला बोलायला सांगितलंय आणि लिहायला बसलो की 'मनमिळाऊ', 'कधीही भरून न येणारी पोकळी' असलंच सुचतं. काय करू?

उत्तर : दादा, तुमचं भाषण तुम्ही मला लिहून पाठवलंच आहे की! तो मागचा बाक, तो चहा, ती फाईल, हेच बोला. त्यांनी काय दिलं आणि ते तुमच्या हातून पुढे कुठल्या मुलांपर्यंत गेलं ते सांगितलंत की 'मनमिळाऊ' म्हणायची गरजच पडणार नाही.

आणि स्वरूप सर त्यांचं दैवत होते तर त्यांची एक गोष्ट नक्की सांगा. 1953 ला स्वरूप सिडनीला गेले, तिथे जोसेफ पॉझी हे त्यांचे गुरू. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या 6 फुटी 32 डिशचं, म्हणजे लहरी गोळा करणाऱ्या वाटीसारख्या अँटेनांचं, काम संपत आलं होतं, त्या मोडीतच निघायच्या, तर या तरुण पोराने त्या भारतासाठी मागितल्या आणि पॉझींनी मोठ्या मनाने हो म्हटलं. पुढे त्या डिश इकडे आल्या, बरीच वर्षं पडून राहिल्या आणि शेवटी 1965 ला आपल्या कल्याणजवळ उभ्या राहून सूर्याच्या रेडिओ लहरी टिपायला लागल्या. पॉझी 1962 लाच गेले होते, त्यांना हे बघायला मिळालं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, खरंच. पण कल्याणला नवखी पोरं शिकली, मग ऊटीला डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण आपल्याच लोकांनी बांधली, आणि त्यानंतर खोडद, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, पत्रा नाही तर बारीक तारेची जाळी दोरांवर ताणलेली, त्यातून वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. तुमच्या सरांनी मुलांना ती जाळी खालून दाखवली असणारच! स्वरूप सर 7 सप्टेंबर 2020 ला पुण्यात गेले, पण त्यांनी शिकवलेल्यांचे विद्यार्थी आज खोडदच्या त्याच डिशवर काम करतायत.

पाच मिनिटांच्या वर बोलू नका. सरांच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यालाही दोन मिनिटं माईक द्या, आणि लॅबमधल्या मामांना विसरू नका, त्यांच्याकडे सरांच्या आठवणी तुमच्यापेक्षा जास्त असतील. मध्येच रडू आलं तर थांबा, पाणी प्या, कोणी काही म्हणत नाही. पुढच्या 28 फेब्रुवारीला मुलांना तुम्ही नेणार असाल तर तेही तिथेच सांगून टाका, सरांच्या घरच्यांना बरं वाटेल. मसुदा झाला की मला पाठवा, सभेच्या आधी वाचून कळवते.